"१०८ ला फोन लावा." बरं, आणि मग?

आशांच्या एका प्रशिक्षणात आज एका ताईंनी विचारलं, "सर, नाल्याला पूर आलाय, गाडी पलीकडे अडकलीय, इकडे बाळाचं डोकं दिसतंय. मी काय करू?"
उत्तर मिळालं, "तुम्ही हात लावायचा नाही. १०८ ला फोन करा." लगेच पुढची स्लाइड. रजिस्टर कसं भरायचं त्याची!

डोकं दिसायला लागल्यावर फोन करून काय डोंबल होणार? तिथं बसलेली सासू तोवर पोट दाबायला लागलेली असते, आणि त्यानं गर्भपिशवी फाटू शकते. ते हात आधी बाजूला करायचे, हे या ताईंना शिकवणार कोण?

शिकवायला फार काही लागत नाही. साबणानं हात धुवायचे. डोक्याला तळहाताचा आधार द्यायचा, ओढायचं नाही. मानेभोवती नाळ सैल असेल तर डोक्यावरून काढायची. बाळ आलं की कोरड्या कापडानं खसखसून पुसायचं, ओलं कापड फेकून द्यायचं, बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांना पांघरायचं. उलटं धरून चापट्या मारणं बंद! पुसूनही श्वास नाही? मग पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्क, म्हणजे नाका-तोंडावर मास्क बसवून पिशवी दाबत श्वास द्यायचं साधन. मिनिटाला पिशवीचे ४० ते ६० दाब. छाती वर येत नसेल तर बहुतेक वेळा मास्क नीट बसलेला नसतो किंवा मान वाकलेली असते. हे स्लाइड बघून हाताला येत नाही, बाहुलीवर घोटून घ्यावं लागतं.

नाळेची घाई नको, १ ते ३ मिनिटं थांबलं तरी चालतं. दोन ठिकाणी घट्ट बांधून मधोमध नव्या पात्यानं कापायची. हळद, राख, शेण काही लावायचं नाही. नवं पातं नसेल तर कापूच नका. वार (नाळेचं दुसरं टोक जिला जोडलेलं असतं ती) पडल्यावर ती बाळासोबतच गुंडाळून दवाखान्यात न्या.

आई दगावते ती बहुतेक यानंतर. वार लवकर पडावी म्हणून कुणीतरी नाळ ओढतं, आणि गर्भपिशवी उलटी होऊन बाहेर येते किंवा रक्त थांबत नाही. पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, जास्त रक्त जाऊ नये म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या ३ गोळ्या तोंडानं द्यायच्या. बाळ बाहेर येण्याआधी चुकूनही नाही. याच कामाच्या ऑक्सिटोसिन इंजेक्शनला फ्रीज लागतो, या गोळ्यांना नाही. वार पडल्यावर बेंबीखाली चोळून गर्भपिशवी नारळासारखी टणक राहतेय ना ते बघत राहायचं.

हो, बाळंतपण दवाखान्यातच व्हावं. आणि पायाळू, आडवं बाळ, झटके हे आशाताईंच्या आवाक्यातलं नाही. मान्य. पण "शिकवलं तर त्या घरीच बाळंतपणं करतील" हे ऐकलं की डोकं फिरतं. दवाखान्यात नेल्याचा मोबदला त्यांना मिळतो, घरी थांबवून काय मिळणार? गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं खेड्यातल्या बायकांना गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकवलं. १९९९ साली ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपण अजून स्लाइडवरच!

त्या साहेबांवरही फार राग नाही म्हणा. वरून आलेलं एका दिवसात संपवायचं असतं त्यांना. पण त्या ताईंना उत्तर मिळालेलंच नाही. सरावाची बाहुली किंवा जुना पिशवी-मास्क कुणाकडे पडून असेल तर इनबॉक्स करा. मास्क नवजात बाळाच्या मापाचा हवा, मोठ्यांचा चालत नाही.