मिग-२१च्या मागे उघडलेल्या पॅराशूटविषयी खुलासा

माजी वायुसैनिकांच्या गटांतून सध्या एक छायाचित्र फिरत आहे. धावपट्टीवरील मिग-२१ या लढाऊ विमानाच्या मागे पॅराशूट उघडलेले दिसते आणि इंजिन बंद पडल्यामुळे वैमानिकाने जीव वाचवण्यासाठी ते उघडले, असे खाली लिहिले आहे. हा मजकूर चुकीचा आहे.

ते ब्रेक पॅराशूट आहे. त्रिकोणी पंख लहान असल्यामुळे हे विमान ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने धावपट्टीला टेकत असे, आणि सारा भार चाकांच्या ब्रेकवर पडू नये म्हणून वैमानिक बटण दाबून ते उघडत असे. वैमानिकाचे स्वतःचे पॅराशूट वेगळे. ते इजेक्शन सीटबरोबर, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनाबरोबर असते.

मी देखभाल पथकात होतो, म्हणून हे खात्रीने लिहितो. धावपट्टीच्या टोकाला सोडून दिलेले पॅराशूट आम्ही गोळा करून आणत असू. मग दोऱ्यांचा गुंता सोडवायचा, कापड कुठे फाटले किंवा करपले आहे का हे हाताने चाचपून पाहायचे, आणि पावसात भिजले असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय घडीला हात लावायचा नाही. सुरळीत उतरलेल्या विमानाला अपघातग्रस्त म्हटलेले पाहून वाईट वाटते.

१९६३ मध्ये भारतीय वायुदलात दाखल झालेल्या मिग-२१ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निरोप देण्यात आला. त्याच्या खऱ्या अपघातांत ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांच्यापर्यंतही छायाचित्राचा तो चुकीचा संदेश पोहोचतो आहे. कृपया तो पुढे पाठवू नका; पाठवला असल्यास त्याच गटात ही दुरुस्ती द्यावी.