सिनेटने थांबवलेलं युद्ध

संस्कृती उभारण्याच्या कॉम्प्युटर गेमवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की अशा गेममध्ये राज्यपद्धती बदलली तरी फक्त आकडे वर-खाली होतात. मला हे अजिबात पटलं नाही. १९९६ चा 'सिव्हिलायझेशन २' आठवून बघा. सुरुवातीच्या हुकूमशाहीत नकाशावरच्या ज्या चौकोनातून दोनपेक्षा जास्त उत्पन्न निघतं, तिथलं एक कापलं जातं. म्हणजे गवताळ जमिनीला पाणी दिलं की धान्य तीन व्हायला हवं, पण हाती दोनच पडतं. त्यामुळे राजेशाही येईपर्यंत तिथे पाट काढून काही उपयोग नाही. शेती कधी करायची हे राज्यपद्धतीच ठरवते, याला नुसते आकडे कसं म्हणायचं?

आणि लोकशाही! भ्रष्टाचार शून्य, व्यापार भरभरून. पण एक तोफ शहराबाहेर लढायला नेली की ती ज्या शहराची, तिथले दोन नागरिक नाराज. शहरात दंगल सलग दोन टर्न (खेळी) चालली तर सरकारच कोसळून अराजक. मी एकदा शत्रूच्या राजधानीच्या दारात सैन्य उभं केलं होतं. पुढच्याच टर्नला त्याने तह मागितला आणि सिनेटने, म्हणजे गेममधल्या माझ्याच संसदेने, मला न विचारता सही करून टाकली. तेव्हा शाळेत होतो, फार चिडलो होतो. पण राज्यकर्त्यालाही कुणीतरी अडवू शकतं, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी मला त्या स्क्रीनवर कळलं.

गेममधल्या मूलतत्त्ववाद या राज्यपद्धतीबद्दल लेखात एक ओळही नाही, त्याचं वाईट वाटलं. तिथे कुणीच नाराज होत नाही, पण विज्ञान निम्म्यावर येतं. यावर जरूर लिहा.