कॅथलिक ख्रिस्ती नाहीत? मग ल्यूथर कोण?

भाचीचं लग्न वसईच्या कॅथलिक मुलाशी ठरलंय. कोल्हापुरातल्या आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवरून एक लांबलचक मेसेज अक्काच्या फोनवर आला आणि तिची झोप उडाली. मेसेज म्हणतो, कॅथलिक हे ख्रिस्तीच नव्हेत. तो धर्म रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने काढला, ते मरियेची पूजा करतात, लोकांपासून शुभवर्तमान लपवतात, आणि त्यांचा बाप्तिस्मा खोटा. तेव्हा मुलाला पुन्हा बाप्तिस्मा द्या, नाहीतर लग्न मोडा.

शेवटच्या मुद्द्याने डोकं फिरलं, म्हणून आधी तोच.

सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून वेगळं होऊन प्रॉटेस्टंट पंथ उभा करणारे दोघे, मार्टिन ल्यूथर आणि जॉन कॅल्विन. ल्यूथरचा बाप्तिस्मा 1483 मध्ये झाला, कॅल्विनचा 1509 च्या सुमारास. दोघांचाही कॅथलिक चर्चमध्येच. त्या धर्मसुधारणेनंतर दोघांपैकी कुणीही तो पुन्हा घेतला नाही. म्हणजे हा मेसेज खरा धरला, तर प्रॉटेस्टंट पंथाचे हे दोन आधारस्तंभ बाप्तिस्म्याविनाच मेले! कॅल्विनने तर आपल्या मुख्य ग्रंथात हा प्रश्न सरळ हाताळलाय. बाप्तिस्मा देणारा माणूस कसा आहे यावर बाप्तिस्मा टिकत नाही. तो पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झाला, एवढं पुरे. पोपच्या अमलाखाली बाप्तिस्मा झालेल्यांना पुन्हा पाण्यात उतरवू पाहणाऱ्यांना त्याने तिथेच खोडून काढलंय. आपली मंडळी प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्विनच्याच परंपरेतली. 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले ते हीच शिकवण घेऊन. तिच्या नावावर एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडायला सांगणारे, निदान कॅल्विन तरी वाचतात का?

कॉन्स्टंटाइनचं थोडक्यात. त्याने छळ थांबवला तो 313 मध्ये. त्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधी हुतात्मा झालेला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस, त्याच्या पत्रात ‘कॅथलिक मंडळी’ असा उल्लेख आहे. मुद्दा संपला.

शुभवर्तमान लपवलं? सामान्य माणसाने स्वतः बायबल वाचण्यावर रोमने बरीच वर्षं बंधनं घातली, हे मान्य. पण मराठी ओव्यांत येशूची कथा 1616 मध्ये छापली ती फादर स्टीफन्स या जेझुइट संघातल्या कॅथलिक धर्मगुरूने. आपले अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले 1813 ला.

मरियेबद्दल मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. 1854 मध्ये (ती गर्भधारणेपासूनच मूळ पापापासून मुक्त) आणि 1950 मध्ये (ती सदेह स्वर्गात घेतली गेली) तिच्याविषयी जाहीर झालेल्या सिद्धांतांना मला पवित्र शास्त्रात आधार सापडत नाही. काही भाविकांची प्रार्थना तिच्यापाशीच थांबते, हेही पाहिलंय. तरी त्यांच्या चर्चची शिकवण आराधना एकट्या देवाची असंच सांगते. मरियेला मान द्यायचा आणि आपल्यासाठी प्रार्थना कर अशी विनंती करायची. ही शिकवण मला पटत नाही. पण त्र्यैक्य देव (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), येशूचा वधस्तंभ, त्याचं पुनरुत्थान आपण मानतो तसं तेही मानतात, आणि ख्रिस्ती कोण हे तिथे ठरतं. माणूस देवापुढे विश्वासाने नीतिमान ठरतो, या ल्यूथरच्या काळापासूनच्या वादाच्या मुद्द्यावर कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी 1999 मध्ये संयुक्त घोषणा केली. 2017 मध्ये आपल्या रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या, चर्चेसची जागतिक संघटनाही तिच्याशी जोडली गेली.

अक्का, बोलायचंच असेल तर खऱ्या गोष्टीवर बोल. अशा लग्नाला त्यांच्या बिशपची परवानगी लागते, आणि मुलांना कॅथलिक पद्धतीने वाढवण्यासाठी होईल तेवढं करीन, असं वचन त्या मुलाला द्यावं लागेल. ते आपल्या पोरीला ठाऊक आहे का, मान्य आहे का, हे तिला विचार.