गरम रेडिएटरचं झाकण उघडायला सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

आपल्या बेळगाव भागात, निपाणीपासून खानापूरपर्यंत, आणि पलीकडे चंदगडातही, गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मराठी मेसेज फिरतोय. "घाटात गाडी न्यायच्या आधी एवढं करा, गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत" अशी त्याची सुरुवात. पुढे पाच उपाय आहेत. गाडी थोडी पळवून गरम करा आणि ओलं फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडा, तेव्हाच पाण्याची खरी पातळी कळते. कूलंट (इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळायचं द्रव) हा कंपन्यांचा धंदा आहे, आपल्याकडे बर्फ पडत नाही, साधं पाणी भरा. इंजिन ऑइल वरच्या खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्त ठेवा. ऑइल काळं दिसलं की ते खराब झालं समजा. आणि घाटात टेंपरेचरचा काटा चढला तर इंजिनवर गार पाणी ओता.

पाचही उपाय चुकीचे आहेत. चार उपायांनी इंजिनाचं किंवा खिशाचं नुकसान होतं, पण पहिल्याने माणूस भाजतो.

हा मेसेज लोकांना खरा का वाटतो, तेही समजून घ्यायला हवं. आपल्या भागात गाडीचं पुस्तक इंग्रजीत मिळतं, सर्व्हिस सेंटरमधला कागद कन्नड नाहीतर इंग्रजीत असतो. अशात कुणीतरी आपल्या भाषेत, आपल्या घाटांची नावं घेऊन सांगितलं की ते आपलं वाटतं. शिवाय त्यातल्या काही गोष्टी जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकलेल्या असतात. अँबॅसडर, मॅटाडोर, जीप यांच्या काळात घाटमाथ्यावर गाडी थांबवून रेडिएटरमध्ये पाणी घालणं हे रोजचंच होतं. ती माणसं खोटं बोलत नाहीत. पण ती गार होईपर्यंत थांबायची, बिडी ओढायची, चहा प्यायची, आणि मगच झाकणाला हात लावायची. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हे थांबणंच गाळलंय.

आता झाकणाचं. रेडिएटरचं झाकण हा खरं तर एक व्हॉल्व्ह आहे. साधारण ०.९ ते १.१ बार एवढा जादा दाब तो आत कोंडून धरतो, आणि तो मुद्दाम कोंडलेला असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. इंजिनातलं पाणी चालू गाडीत ९० ते १०५ अंशांपर्यंत जातं. दाब नसता तर ते रोजच उकळलं असतं. दाबामुळे साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत पातळच राहतं. झाकण फिरवलं की हा दाब एका क्षणात जातो, आणि उकळबिंदूच्या वर तापलेल्या पाण्याचा काही भाग तिथल्या तिथे वाफ होतो. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा घेते. ती वाफ उरलेलं उकळतं पाणी वर फेकते, थेट वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर. ओल्या फडक्याने काही वाचत नाही. ते गरम पाणी शोषून घेतं आणि हाताला चिकटून राहतं.

आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या बाबतीत हेच झालं. गोव्याहून चोर्ल्याच्या वाटेने वर येताना काटा चढला म्हणून त्याने कणकुंबीला गाडी थांबवली आणि लगेच झाकणावर टॉवेल टाकला. शेजारी उभा असलेला ट्रकवाला म्हणालाही होता, "दादा, दम खावा की ओ जरा, आत वाफ हाय." पोराने अर्धा आटा फिरवला आणि झाकण हातातून निसटून बॉनेटला आपटलं. शर्टाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत कातडीला चिकटली होती. हात वाचला, पण त्या हाताची कातडी आजही वेगळी दिसते. म्हणून या मुद्द्यावर मी सौम्य बोलू शकत नाही.

असं कुणी भाजलंच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका. चिकटलेला कपडा ओढून काढू नका. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, तिन्हीकडे रुग्णवाहिकेसाठी १०८ चालतो.

पातळी बघायला झाकण उघडावंच लागत नाही. हल्लीच्या गाड्यांत बॉनेटखाली अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची टाकी असते, तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा खुणा असतात. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीत, बाहेरूनच बघायचं की पाणी या दोन खुणांच्या मध्ये आहे का. मेसेज म्हणतो गरम इंजिनातच खरी पातळी कळते. उलट आहे: गरम पाणी फुगतं, टाकीतली पातळी चढते, आणि कमी असलेलं कूलंट पुरेसं वाटतं. टाकीच्या भिंतीवर जुना डाग पडलेला असला तर फसगत होते. तेव्हा गाडीला हाताने हलकेच झुलवा, खरं पाणी असेल ते हललेलं दिसतं.

एक गोष्ट इथे नीट लक्षात ठेवा. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, सगळा दाब या प्लॅस्टिकच्या टाकीतच असतो. "ही तर नुसती बाटली आहे" म्हणून तिचं झाकण गरम असताना उघडलं तरी तेच होणार. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास तरी जाऊ द्या. मग रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड रबरी पाइप आधी बोट लावून बघा, चटका बसला तर अजून थांबा. गार लागला तर दाबून बघा. टणक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ असेल तरच जाड कापड धरून झाकण थोडंसं फिरवा, सुस्कारा ऐकू आला तर तिथेच थांबा, तो संपल्यावर पूर्ण काढा. आणि इलेक्ट्रिक पंख्यापासून बोटं लांब ठेवा. चावी काढलेली असली तरी बऱ्याच गाड्यांत तो आपोआप सुरू होतो.

कूलंट म्हणजे कंपन्यांचा धंदा, हा मुद्दा बर्फाच्या आधारावर उभा आहे. बेळगावात पाणी गोठत नाही हे खरंच आहे. पण न गोठणं हे कूलंटचं एक काम झालं. त्यातल्या ग्लायकॉलमुळे उकळबिंदूही वर सरकतो. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल असं मिश्रण असेल तर दाबाखाली ते १२५ अंशांच्याही पुढे टिकतं. आणि आपल्यासाठी त्याहून मोलाची आहेत त्यातली गंजरोधक रसायनं. इंजिनात ओतीव लोखंड, अॅल्युमिनियम, रबर, सगळं एकाच पाण्यात भिजत असतं. नुसत्या पाण्याने लोखंड गंजतं, अॅल्युमिनियमला खड्डे पडतात, वॉटर पंपाचं सील लवकर जातं. बोअरचं पाणी तर त्याहून वाईट. चहाच्या भांड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि मग गाडी तापायला लागली की दोष घाटाला दिला जातो.

वाटेत कूलंट गळून गेलं आणि जवळ काहीच नसेल तर साधं पाणी घालून गॅरेजपर्यंत या, त्यात गैर काही नाही. फक्त गाडी गार झाल्यावर घाला आणि नंतर ते काढून योग्य मिश्रण भरून घ्या. थोडंसंच कमी असेल तर पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं. कूलंट विकत घेताना डबा वाचा: काही आधीच पाणी मिसळलेलं असतं आणि तसंच ओतायचं असतं, काहीत तुम्हाला पाणी मिसळावं लागतं. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, गुलाबी हे रंग कंपनी ठरवते, एकाच रंगाच्या दोन डब्यांत वेगळी रसायनं असू शकतात आणि न जुळणारी मिसळली की गंजरोधक गुण कमी होतो, कधी आत साका धरतो. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिलाय तोच घ्या.

उरलेलं कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून डिकीत ठेवणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. लहान मूल ते सरबत समजून पिईल, अंगणात सांडलेलं कुत्रं चाटेल. मूळ डब्यातच ठेवा, सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा.

आता ऑइल. "अर्धा लिटर जास्त" या सल्ल्यामागची भीती मला समजते. चढावर आणि वळणांवर ऑइल एका बाजूला सरकतं, आधीच कमी असेल तर पंपाला हवा लागते. म्हणून घाटाआधी पातळी वरच्या खुणेजवळ असावी, इथपर्यंत बरोबर. खुणेच्या वर मात्र नाही. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकवरच्या (ऑइल मोजायच्या काडीवरच्या) दोन खुणांमधलं अंतर एक लिटर किंवा त्याहून कमी ऑइलचं असतं, त्यामुळे अर्धा लिटर जादा हा मोठा फरक आहे. जादा ऑइलमध्ये क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, बुडून फिरायला लागला की तो ते घुसळतो, त्यात फेस होतो. फेसाने बेअरिंगवर ऑइलचा थर नीट राहत नाही. म्हणजे ज्या भीतीने जास्त ओतलं, तीच खरी होते. वर सील गळतात, ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरात जाऊन जळतं आणि सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

तपासायची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. गाडी सपाट जागेवर हवी. आपल्याकडे बरीच घरं रस्त्यापेक्षा उंच, गाडी दारातल्या उतारावर लावलेली, तिथे डिपस्टिक खोटं बोलते. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरतं. काही गाड्यांचं पुस्तक वेगळी वेळ सांगतं, तिथे पुस्तकाचं ऐका. काडी बाहेर काढा, दोरे न सुटणाऱ्या सुती फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला ऑइल वर ओघळलेलं दिसलं तर दुसऱ्या बाजूची खालची रेघ धरा. कमी असेल तर पाव लिटरच ओता, नरसाळ्याने, थोडं थांबा, परत मोजा. गरम सायलेन्सरच्या पाइपवर सांडू देऊ नका, तिथे धूर होतो आणि आगही लागू शकते.

ओतायचं ते पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच. ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल मागणाऱ्या नव्या इंजिनात "जाड ऑइल घाटाला चांगलं" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं तर ते बारीक वाटांतून वेळेवर पोचत नाही. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) असलेल्या बीएस ६ डिझेल गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, नाहीतर तो महागडा फिल्टर तुंबतो.

आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. बेळगाव शहरातच, टिळकवाडी ते खडेबाजार एवढीच रोज फिरणाऱ्या बीएस ६ डिझेल गाडीत फिल्टर साफ होण्याची प्रक्रिया वारंवार अर्ध्यावर तुटते आणि काजळी जाळायला जादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ते ऑइल पातळ होतं. अशी गाडी गॅरेजात न्या.

काळ्या ऑइलबद्दल थोडक्यात: डिझेल गाडीत नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतं, कारण त्यातली रसायनं काजळी धरून ठेवतात. ते त्यांचं कामच आहे. बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून. घाबरायचं ते दुधाळ, चहासारख्या रंगाला, कारण तेव्हा कूलंट ऑइलमध्ये शिरलेलं असू शकतं, किंवा काडीवर चमकणारे धातूचे कण दिसले तर.

शेवटचा उपाय, तापलेल्या इंजिनवर गार पाणी. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, तापलेल्या कास्टिंगवर गार पाणी पडलं तर काय होतं. तडा जातो. बऱ्याच इंजिनांत खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि त्यावर बसणारं हेड अॅल्युमिनियमचं असतं, आणि अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन-प्रसरण पावतं. अचानक गार केलं की हेड वाकतं, दोन्हींमधलं गॅस्केट जातं, आणि मग येणारा खर्च कूलंटच्या कित्येक डब्यांएवढा असतो.

काटा चढायला लागला की आधी एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा, त्याने इंजिनाची उष्णता केबिनमध्ये खेचली जाते. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, वळणावर नको. काटा तांबड्यात गेला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर इंजिन बंद, आणि वाफ निघतेय तोवर बॉनेटही उघडू नका. ऑइलच्या सुरईसारख्या चित्राचा लाल दिवा लागला तर क्षणभरही चालवू नका. तो दाब गेल्याचा इशारा आहे, पातळी कमी झाल्याची आठवण नव्हे.

आपल्या भागाचं एक विसरलं जातं. बेळगावहून चोर्ल्याने, अनमोडने किंवा तिलारीने खाली गोव्याकडे जाताना उतार असतो. इंजिनाची खरी परीक्षा परत येताना असते, सामान भरलेलं, एसी चालू, चोर्ल्याच्या पायथ्याच्या केरीपासून वर सलग चढ. सगळे निघताना तपासतात, परतीच्या सकाळी कुणी बॉनेट उघडत नाही. गोव्यात मुक्कामाच्या ठिकाणी, गाडी गार असतानाच, डिपस्टिक आणि कूलंटची टाकी बघून घ्या. दर वेळी कूलंट कमीच दिसत असेल तर भरत राहू नका, गळती शोधायला दाबाची चाचणी करून घ्या.

गॅरेजवाले हे सांगत नाहीत, असं मेसेज म्हणतो. विचारलं तर सांगतात. पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइलचा ग्रेड, कूलंटचा प्रकार आणि तारीख मेकॅनिककडून लिहून घ्या आणि मराठीत ती चिठ्ठी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे घाटात तुमच्या जागी दुसऱ्या कुणी बॉनेट उघडलं तरी त्याला काय ओतायचं ते कळेल.