नकाशावर बोट ठेवा आणि निघा!

ग्रीसच्या झाकिंथॉस बेटावर गेलात, तर टूरवाल्यांच्या गर्दीत अंग चोरून कशाला बसायचं? सरळ बोट भाड्याने घ्या. 30 हॉर्सपॉवरपर्यंतच्या बोटीला तिथे परवाना लागत नाही. म्हणजे तुम्हाला सगळं येतं, हे ग्रीक सरकारनेच मान्य केलंय. (गोव्यात भाड्याची स्कूटर चालवलीत ना? मग झालं तर!)

निघण्याआधी बोटवाला पाच-दहा मिनिटं काहीबाही समजावत बसेल. तेवढ्यात सेल्फी उरकून घ्या. नकाशावर बोट ठेवून तो बोट कुठे न्यायची नाही ते सांगेल. लागानासच्या आखातात कासवं अंडी घालतात, म्हणून 1999 पासून तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. मोसमात एका पट्ट्यात बोटीला मज्जाव, दुसऱ्यात वेग 6 नॉट आणि नांगर टाकायचा नाही, तिसऱ्यात नांगर चालतो, पण वेग तोच. 6 नॉट म्हणजे ताशी 11 किलोमीटर! एवढी रांगायची हौस पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर फुकटात भागते. श्वास घ्यायला वर आलेल्या कासवाच्या पाठीत बोटीच्या पंख्याचं पातं घुसतं, हे खरं. पण त्याने वर येताना इकडे-तिकडे बघायला नको? तसंही वेळासला पहाटे उठून पिल्लं समुद्रात जाताना बघितलीत, गहिवरलात, फोटो टाकलेत. कासवांचं तेवढं ऋण पुरे.

मग नावायोचा किनारा. 1980 साली वाळूत रुतलेलं 'पानायोतिस' हे गंजकं जहाज सगळ्यांच्या फोटोत असतं, मग तुमच्याच का नसावं? वरचा चुनखडीचा कडा ढासळतो म्हणून किनाऱ्यावर उतरायला बंदी घातलीय. 2018 मध्ये दरड कोसळली तेव्हा लाटेने छोट्या बोटी उलटल्या होत्या. पण त्या इतरांच्या.

निघा मात्र आरामात, भरपेट जेवून. सकाळी समुद्र तेलासारखा शांत असतो, त्यात काय मजा? दुपारनंतर वायव्येचा मायस्त्रोस वारा सुटला की पोटातलं जेवण आणि बोट एका लयीत हलू लागतात.

परतल्यावर बोटवाला तुमची विचारपूस करायच्या आधी मागे वाकून पंख्याची पाती चाचपेल. अनामत कशाकशासाठी कापली जाते, ते त्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं म्हणे. तेव्हा तुम्ही सेल्फीत होतात.