बिनचावीच्या गाडीच्या चार चाव्या

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही बिनचावीची गाडी घेतलीत, म्हणजे चावी नुसती खिशात असली की जिचं दार उघडतं आणि बटण दाबलं की जी सुरू होते ती. ‘आता चावीची कटकटच नाही’ असं शोरूममधल्या मुलाने हसत हसत सांगितलं आणि लगेच तुमच्या हातात दोन चाव्या ठेवल्या. प्रत्येकीच्या पोटात एकेक लोखंडी चावी दडलेली आहे आणि बाजूचा बारीक खटका सरकवला की ती बाहेर येते, हेही तो सांगत होता. पण तेव्हा तुम्ही गाडीला टेकून फोटो काढून घेत होता. तर हिशेबाने बिनचावीच्या गाडीच्या झाल्या चार चाव्या. जुन्या खटाऱ्याच्या दोनच होत्या.

या चौघींचा सांभाळ कसा करावा, याबद्दल दोन शब्द सांगतो. माझा अधिकार विचाराल, तर स्वतःच्याच गाडीबाहेर उभं राहून मी आजवर बराच काळ काढलेला आहे.

पहिलं काम दुसऱ्या चावीचं. तिला घरी आल्या आल्या ‘नीट जागी’ ठेवा. नीट जागा म्हणजे अशी जागा, की ठेवताना वाटतं, ही आपण जन्मात विसरणार नाही. कपाटातल्या चोरकप्प्यातली डबी, कागदपत्रांच्या पिशवीतली पिशवी, जुन्या चष्म्याचं घर. कुठे ठेवली हे घरात कोणालाही सांगू नका. सांगितलंत तर गरज पडेल तेव्हा ती पाच मिनिटांत सापडेल, आणि मग ‘तूच ठेवली होतीस’, ‘नाही, तुम्हीच’ हा कार्यक्रम कशावर करायचा? ती शोरूमच्या पिशवीतून बाहेरही काढू नका. चालते की नाही हे बघणं म्हणजे कंपनीवर अविश्वास दाखवणं. न वापरलेल्या चावीचाही सेल उतरतो, कारण गाडी कधी हाक मारेल या आशेवर ती कान देऊन बसलेली असते. पण ते तुम्हाला दोन-तीन वर्षांनी कळेल. तेही पहिली चावी हरवल्यावर.

दुसरी चावी पहिलीच्याच रिंगमध्ये अडकवणं हा आणखी एक उत्तम मार्ग. दोघी एकत्र फिरतात, एकत्र भिजतात आणि हरवायची वेळ आली की एकमेकींना सोडून जात नाहीत.

काही लोक दुसरी चावी गाडीतच, समोरच्या कप्प्यात ठेवतात. हे मात्र बुद्धिमंतांचं काम. खाली आड असताना पोहरा वर ठेवण्यात काय हशील, पोहराही आडातच सोडावा असा त्यामागचा विचार. आता आत चावी आहे हे गाडीला कळतं. काही गाड्या मग बाहेरून बंदच व्हायला तयार होत नाहीत, चीं-चीं करून गल्ली जागी करतात. काही बंद होतात आणि आतल्या चावीला तेवढ्यापुरतं झोपवून ठेवतात. ज्या यातलं काहीच करत नाहीत, त्यांची काच फोडणाऱ्याला पुढचं सगळं आयतं मिळतं. यजमान असावा तर असा.

आणि शेवटचा पर्याय म्हणजे चावी विश्वासू माणसाकडे देऊन ठेवणं. या परंपरेत फार मोठी नावं आहेत. 1912 साली टायटॅनिक निघायच्या आधी डेव्हिड ब्लेअर या अधिकाऱ्याला ऐनवेळी बोटीवरून उतरवण्यात आलं आणि एका कपाटाची चावी त्यांच्या खिशातच राहून गेली. टेहळणीच्या दुर्बिणी त्याच कपाटात होत्या असं सांगतात. बोट बुडाली, चावी वाचली, आणि 2007 साली लिलावात 90,000 पौंडांना विकली गेली. तुमचीही दुसरी चावी मेहुण्याच्या खिशात अशीच सुखरूप असेल. धीर धरा, भाव वाढतोय.

आता सेलकडे वळू. चावीत बहुधा नाण्यासारखा चपटा सेल असतो, त्यावर सीआर2032 असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो आकडा कंपनीने उगाच टाकलेला नाही. 20 म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. पण आपण असल्या आकड्यांना भीक घालणारे नव्हे. घरात सीआर2025 पडलेला असेल तर तोच घाला. व्यास तोच, व्होल्ट तेच तीन, जाडी तेवढी 0.7 मिलिमीटरने कमी. त्यासाठी कागदाची घडी आहेच. अशी चावी सपाट रस्त्यावर उत्तम चालते. खड्डा आला की घडी सरकते आणि डॅशबोर्डवर ‘चावी सापडत नाही’ अशी पाटी झळकते. चावी तर तुमच्या खिशात आहे! म्हणजे चूक गाडीची. सर्व्हिस सेंटरला जाऊन आवाज चढवा.

‘चावीचा सेल कमी आहे’ अशीही एक पाटी अधूनमधून येते. तिच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खोकल्यासारखं बघावं. हे चालायचंच म्हणून सोडून द्यावं.

सेल लवकर संपवायचा असेल तर चावी दाराजवळच्या खुंटीला अडकवा आणि गाडी त्याच भिंतीच्या पलीकडे लावा. गाडी बारीक आवाजात हाक मारत असते, बहुतेक गाड्यांत 125 किलोहर्ट्झच्या आसपास, आणि ती हाक एक-दोन मीटरच्या पुढे जात नाही. ती ऐकू आली की चावी 315 किंवा 433 मेगाहर्ट्झवर ‘ओ’ देते. दोघांची ओळख पटते आणि दार उघडतं. अशा दोघांना जवळजवळ ठेवलं तर रात्रभर कुजबुज चालते. ती थांबावी म्हणून काही कंपन्यांनी चावीत हालचाल ओळखणारा सेन्सर बसवला. चावी थोडा वेळ निश्चल पडून राहिली की झोपी जाते. त्यावर उपाय सोपा आहे. चावी लेंग्याच्या खिशात ठेवा आणि फोनवर बोलत घरभर फेऱ्या मारा.

या कुजबुजीत तिसऱ्यालाही सामील करून घेता येतं. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी 2011 साली 8 कंपन्यांच्या 10 गाड्या घेतल्या आणि दहाच्या दहा उघडून, वर सुरू करून दाखवल्या. गुप्त संकेत वगैरे काही फोडला नाही. एक अँटेना गाडीजवळ धरला, दुसरा चावीजवळ, आणि गाडीची हाक चावीपर्यंत पोचवली. बिचाऱ्या चावीला वाटलं, गाडी शेजारीच उभी आहे. तिने ‘ओ’ दिली. गाडीला वाटलं, मालक आले. कोणीही कोणाशी खोटं बोललं नाही, फक्त मधल्या माणसाने निरोप पोचवला. जुन्या काळी लग्नंही अशीच जमायची.

तेव्हा चावी रस्त्याकडेच्या खिडकीतच ठेवत चला. निरोप्याला उगाच ताटकळत का ठेवावं? शेजारचे एक गृहस्थ रोज रात्री चावी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. ‘धातूतून लहरी जात नाहीत’ म्हणतात. डबा हातात धरून गाडीशी जातात आणि दार उघडत नाही हे बघून समाधानाने झोपायला जातात. आम्ही त्यांना हसतो. त्यांची गाडी अजून जागेवर आहे, हा योगायोग. नव्या काही गाड्या म्हणे चावीची ‘ओ’ यायला किती वेळ लागला तेही मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटिमीटर जाते, त्यामुळे निरोप्याचा फेरा पकडला जातो. शेजाऱ्यांना सांगू नका, त्यांचा डब्यावरचा विश्वास उडेल.

पण बिनचावीच्या गाडीची खरी गोडी एकट्याने कळत नाही. त्याला दोन माणसं आणि एक स्टेशन लागतं.

तुम्ही गावाला निघाला आहात. स्टेशनपर्यंत गाडी तुम्ही चालवत आणलीत, चावी अर्थातच पँटच्या खिशात. ती काढावी लागतच नाही, त्याचेच तर पैसे मोजलेत. गाडी सुरूच ठेवून उतरता, बॅग घेता, बायको तुमच्या जागेवर येऊन बसते. दार लागल्यावर गाडी दोन-तीनदा पीं-पीं करते. बायकोला वाटतं, पट्ट्याचं असेल. ती पट्टा लावते. तुम्ही हात हलवता. गाडी निघून जाते.

हो, निघून जाते. चावी गेली तरी इंजिन बंद पडत नाही. मुद्दामच तसं केलेलं आहे. भर रस्त्यात चावीचा सिग्नल जरा क्षीण झाला म्हणून इंजिन बंद पडणं हे चावीशिवाय चालत राहण्यापेक्षा फार घातक, असा विचार कोणीतरी शहाण्याने केला. आणि तो बरोबरच आहे. म्हणून गाडी बंद करेपर्यंत चालते, आणि बंद केल्यावर चालत नाही. गाडी वाटेत काहीतरी घ्यायला थांबते. बंद होते. इकडे तुमची आगगाडी फलाट सोडते.

फोन येतो.

“अहो, गाडी सुरूच होत नाहीये.”

“ब्रेक दाबून बटण दाब.”

“दाबलाय.”

“पूर्ण दाब गं. तू अर्धाच दाबतेस नेहमी.”

“पूर्णच दाबलाय! चावी सापडत नाही असं काहीतरी येतंय.”

“सेल गेला असेल. तरी तुला म्हणत होतो बदलायला हवा.”

इथे थांबू नका. किमान दहा मिनिटं मार्गदर्शन चालू ठेवा. गिअर बघ, स्टीअरिंग हलवून बघ, दार एकदा उघड-बंद कर. तेवढ्यात तिकीट काढायला हात खिशात जातो आणि बोटांना ती गुळगुळीत, गोलसर वस्तू लागते. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं आपल्याकडे म्हणतात. पण म्हणीतला माणूस निदान कळसा घेऊन त्याच गावात फिरत होता. तुम्ही कळशासकट पुढच्या जिल्ह्यात पोचलेले असता.

अशा वेळी खरं बोलू नका. “हॅलो... हॅलो... आवाज येत नाहीये,” एवढंच म्हणा. मग फोन ठेवून शांतपणे आठवा, की दुसरी चावी कुठे आहे. ती नीट जागी आहे.

इंजिन बंद करणं ही गोष्टही आता अंगवळणी राहिलेली नाही. पूर्वी उतरायचं म्हणजे आधी चावी फिरवून उपसायची. आता चावी खिशात, इंजिनचा आवाज जवळजवळ नाही, माणूस बंद गॅरेजमध्ये उतरून वर झोपायला जातो आणि इंजिन धूर सोडत राहतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. यात माणसं गेली आहेत, त्यामुळे यावर मला विनोद सुचत नाही. उतरताना बटण दाबलं का, तेवढं बघा. पुढे चला.

एक चावी हरवली तर? काही करू नका, दुसरी आहे ना. काही गाड्यांत दोन नोंदवलेल्या चाव्या जवळ असल्या तर तिसरी घरबसल्या नोंदवता येते. म्हणजे चावीची गरज नसते तेव्हा चावी मिळते. एकच उरली की सर्व्हिस सेंटरचं यंत्र लागतं, आणि एकही उरली नाही तर गाडी बहुधा उचलून न्यावी लागते, कारण ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या इमोबिलायझरला तुमचा चेहरा ओळखता येत नाही. तरीही दोन असताना तिसरी करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. लोक भित्रे म्हणतील. गाडी चोरीला गेलीच तर अनेक विमा कंपन्या दोन्ही चाव्या आणून द्या म्हणतात. तेव्हा त्यांना त्या ‘नीट जागे’बद्दल सविस्तर सांगा. त्यांना ऐकायला आवडतं, ते लिहूनही घेतात.

शेवटी तो दिवस येतोच. रात्र असते, पाऊस असतो, फोन सात टक्क्यांवर असतो. दाराच्या मुठीवर बोट ठेवता, काही होत नाही. चावीचं बटण दाबता, काही होत नाही. गाडीभोवती एक फेरी मारता, जणू पलीकडच्या बाजूने तिचा राग गेला असेल. मग शोरूममधला मुलगा आठवतो. तो काहीतरी सांगत होता. खटका सापडतो, नख मोडतं, लोखंडी चावी बाहेर येते. आता भोक हवं. दाराला भोकच दिसत नाही, कारण ते मुठीच्या टोकावरच्या टोपणाखाली लपवलेलं असतं. उघडं दिसलं तर गाडी जुनी वाटेल ना. टोपण निघतं आणि चिखलात पडतं. दार उघडतं आणि स्वतःच्या गाडीचा भोंगा तुमच्याच नावाने बोंबलू लागतो. वरच्या खिडक्यांत दिवे लागतात. लोक खाली बघतात. तुम्ही लोखंडी तुकडा हातात घेऊन, एका गाडीत अर्धे वाकलेले, भिजत उभे असता.

घाबरू नका. सेल संपला तरी चावीतली चिप जिवंत असते. तिला सेल लागत नाही, गाडीच तिला जवळून वीज पुरवते. फक्त चावी बरोबर जागी टेकवायची. काही गाड्यांत ती सुरू करायच्या बटणाला टेकवतात, काहींत स्टीअरिंगच्या दांड्याला, काहींत मधल्या कप्प्यात ठेवतात. तुमच्या गाडीत नेमकी कुठे, ते माहितीपुस्तकात दिलंय. ते समोरच्या कप्प्यात आहे. त्यालाही कुलूप आहे, पण लोखंडी चावी हातात आहेच. कप्पा उघडतो. पुस्तकाच्या खाली, शोरूमच्या पिशवीत, न फोडलेली, दुसरी चावी.

तिचाही सेल गेलेला असतो. पण ती नाहीतर ही, कुठली तरी बटणाला टेकते आणि इंजिन सुरू होतं. भोंगा थांबतो. वरचे दिवे विझतात. घरी पोचता आणि दोन्ही चाव्या खुंटीला लटकवता.

सेल उद्या बदलू. टेकवून चालू होतेय की.