पापणी काही ऐकत नाही

पाठीला खाज सुटली तर निदान तिथे हात पोचत नाही, त्यामुळे माणूस संयमी वाटतो. डोळ्याची सोय अशी की हात कायम हाकेच्या अंतरावर. आणि चोळण्यात सुख तरी किती! पहिले पाच सेकंद स्वर्ग दोन बोटं उरतो. सहाव्या सेकंदाला कळतं की खाज दुप्पट झाली आहे आणि आता दुसरा डोळाही हात वर करून उभा आहे.

असं का होतं ते डॉक्टरांनी मला समजावलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जो पातळ पडदा असतो, त्यात मास्ट पेशी नावाचे पहारेकरी बसलेले असतात. प्रत्येकाच्या खिशात हिस्टामिन नावाच्या रसायनाच्या पुड्या. फुलांचे परागकण, धुळीतले न दिसणारे किडे, मांजराच्या अंगावरचा कोंडा, म्हणजे एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली मंडळी दारात दिसली, की माझे पहारेकरी ‘चोर, चोर’ म्हणून बोंब ठोकतात आणि पुड्या फोडतात. मग रक्तवाहिन्या फुगतात, डोळा लाल होतो, पाणी वाहतं, खाज सुटते. वरून चोळलं की उरल्यासुरल्या पुड्याही फुटतात.

“वर्षानुवर्षं असं चोळत राहिलात तर बुबुळाचा पुढचा पारदर्शक भाग पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो,” डॉक्टर म्हणाले. मी इतका घाबरलो की चोळणं तिथल्या तिथे सोडून दिलं. लिफ्ट येईपर्यंत तरी नक्कीच.

तोवर ऑफिसात माझी वेगळीच कीर्ती झाली होती. लाल डोळे आणि घळाघळा पाणी बघून एका सहकाऱ्याने खांद्यावर हात ठेवून “धीर धर” असं सांगितलं. साहेबांनी न मागता अर्ध्या दिवसाची रजा दिली. ॲलर्जी आहे म्हणून खुलासा करायला तोंड उघडलं होतं, पण रजा मंजूर झाल्यावर खुलासे करू नयेत एवढं मला कळतं.

डॉक्टरांनी ओलोपॅटाडिनचे ड्रॉप्स दिले. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक डोळ्यात एकेक थेंब. हे औषध दुहेरी काम करतं म्हणे. हिस्टामिनला त्याच्या खुर्चीवर बसू देत नाही, आणि पहारेकऱ्यांनाही जरा शांत करतं. अँटिहिस्टामिनच्या शोधाचाही वाटा असलेल्या कामाबद्दल दानिएल बोव्हे यांना १९५७ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं. योग्यच झालं. फक्त ते औषध बाटलीतून डोळ्यापर्यंत कसं न्यायचं, या शेवटच्या दोन इंचांसाठी अजून कुणाला काही मिळालेलं नाही.

कारण त्या दोन इंचांवर पापणीचा पहारा असतो.

मान मागे टाकली, खालची पापणी बोटाने ओढून खिसा केला, बाटली वर धरली. टोक डोळ्याला लागता कामा नये, नाहीतर बाटलीत जंतू जातात, म्हणून थोडी उंच धरली. आता वर बघायचं, म्हणजे नेमकं त्या बाटलीच्या टोकाकडेच. टोकाशी थेंब फुगत जातो, गोल होतो, थरथरतो, आता पडणार, आता... आणि मिटली पापणी! थेंब पापणीवर आपटून कानाच्या दिशेने चालू लागतो. पुन्हा. या वेळी भुवईत. पुन्हा. नाकाच्या शेंड्यावर. चौथा थेंब थेट जिभेवर पडला.

“बाबा, ड्रॉप्स डोळ्यात घालताना तुम्ही तोंड का उघडता?” दारात उभ्या लेकीने विचारलं.

या प्रश्नाला उत्तर नाही. जगातला कुणीही माणूस डोळा ताणून उघडायला गेला की त्याचं तोंड आपोआप वासतं. मला तर वाटतं, डोळा मिटायचा ठरला की शरीर भरपाई म्हणून दुसरं दार उघडून ठेवतं.

पापणीवर रागावून उपयोग नाही. तिला कुणी सांगितलंय की हा थेंब आपल्या घरचा आहे? ती मास्ट पेशींचीच चुलत बहीण. नोकरी इमानदारीने करते, डोक्याने करत नाही. माझ्या अंगात सगळे असेच कामसू भरले आहेत. फक्त जिथे पहारा हवा तिथे, म्हणजे चोळणाऱ्या हाताजवळ, कुणाचीच नेमणूक नाही.

एकदा थेंब चुकून डोळ्यात पडला. मी आनंदाने डोळे भराभर मिचकावले, आणि दोन मिनिटांत घशात कडू चव उतरली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकात आणि तिथून घशात जाणारी नळी असते. मिचकावलं की औषध त्या वाटेने पळ काढतं. म्हणून थेंब पडल्यावर डोळा हलकेच मिटायचा आणि तो कोपरा मिनिटभर बोटाने दाबून ठेवायचा. म्हणजे इतका वेळ पापणी मिटू नये म्हणून झगडायचं, आणि थेंब आत गेला रे गेला की तिला म्हणायचं, आता मीट बाई.

शेवटी बायकोने सूत्रं हातात घेतली. “झोप इथे. डोळे मीट.” मिटायचे? हो, मिटायचेच. मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाजवळच्या खळग्यात, थेंब ठेवायचा आणि मग डोळा सावकाश उघडायचा. थेंब आपसूक आत घरंगळतो. पापणीला पत्ता लागत नाही, कारण तिचं काम तर आधीच झालेलं असतं.

“ही युक्ती कुठे शिकलीस?”

“लहान मुलांसाठी सांगतात.”

मी डोळे मिटूनच घेतले.

या शोधाला जरा उशीर झाला होता. बाटली पाच मिलिलिटरची. थेंब चाळीस मायक्रोलिटरचा धरला तर सव्वाशे थेंब. बाटली उघडल्यापासून महिन्याभरात टाकून द्यायची असते, म्हणून डॉक्टरांनी मला त्यावर तारीख लिहायला लावली होती. दिवसाला चार प्रमाणे अठ्ठावीस दिवसांचे होतात एकशे बारा. म्हणजे हिशेबात तेरा थेंब वाया घालवायची मुभा होती. मी अकराव्या दिवशी दुसरी बाटली घ्यायला दुकानात उभा होतो.

औषधवाल्याने चिठ्ठी पाहिली, तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

“घरात सगळ्यांनाच लागण झालीय का?”

“भुवयांना जास्त आहे,” मी म्हणालो.